गाणं संपतं आणि कान पुढच्याची वाट बघतात: ऐंशीच्या दशकातला पॉप आणि संकलनाच्या कॅसेट्स

साइड_बी

परवा गाडीत 'टेक ऑन मी' लागलं. आ-हा चं, १९८५ चं, सगळ्यांना माहितीये. गाणं शेवटाकडे विरत जायला लागलं आणि पूर्ण विरायच्या आधीच माझ्या डोक्यात न्यू ऑर्डरच्या 'ब्लू मंडे'चा ड्रम सुरू झाला, तो सुरुवातीचा एकटा ड्रम, धड धड आणि मग एकदम धावत सुटतो तो. स्पीकरवर मात्र भलतंच काहीतरी आलं, ॲपला जे योग्य वाटलं ते. बे दुणे चारनंतर कोणी एकदम बे पंचे म्हणावं तसं झालं मला.

हे कुठून आलं ते लगेच कळलं. माझ्या दादाने एक सी-६० (साठ मिनिटांची कॅसेट) भरली होती, मित्राकडच्या रेकॉर्ड्सवरून एकेक गाणं निवडून, आणि ती मी इतक्या वेळा ऐकलीये की त्या गाण्यांचा क्रम माझ्या कानात कायमचा बसलाय. त्यातलं कुठलंही गाणं कुठेही लागू दे, ते संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं. 'ब्लू मंडे' ए साइडचं शेवटचं गाणं होतं आणि ते मधेच खटकन तुटायचं, टेप संपायची ना. कित्येक वर्षं मला ते गाणं तिथेच संपतं असंच वाटत होतं. पूर्ण गाणं जवळजवळ साडेसात मिनिटांचं आहे हे फार उशिरा कळलं आणि पहिल्यांदा पूर्ण ऐकलं तेव्हा पुढचा भाग मला कोणीतरी मागाहून जोडलाय असं वाटत राहिलं.

तर विचारायचं हे आहे की तुमच्या कानात असे कुठले क्रम बसलेत? कंपन्यांच्या विकतच्या संकलनांचे, स्वतः भरलेल्या कॅसेट्सचे, कोणाचेही चालतील. मला गाण्यांपेक्षा आता त्या क्रमाचीच जास्त आठवण येते, हे फक्त माझंच होतंय का?

सिंथवेडी

अगदी अगदी!! फक्त तुझंच नाही. माझ्याकडे क्रम आहे तो 'नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक'च्या पहिल्या भागाचा. फिल कॉलिन्सचं गाणं पहिलं, त्याच्या मागोमाग ड्युरॅन ड्युरॅन, मग यूबी-४० चं 'रेड रेड वाइन'. आजही कॉलिन्सचं ते गाणं ('सुप्रीम्स'चं जुनं गाणं त्याने परत म्हटलं होतं ते) संपलं की ड्युरॅन ड्युरॅन यायलाच पाहिजे, नाही आलं तर चुटपुट लागते.

हा भाग २८ नोव्हेंबर १९८३ ला ब्रिटनमध्ये आला. ३० गाणी, आणि त्यातली ११ तिकडच्या यादीत पहिल्या नंबरवर जाऊन आलेली. त्याच्या आधी व्हायचं काय की प्रत्येक कंपनी आपापले गायक घट्ट धरून बसायची, म्हणून वर्षभरातली सगळी मोठी गाणी एकत्र मिळायचीच नाहीत. व्हर्जिन आणि ईएमआय या दोघांनी हात मिळवला तेव्हा हे जमलं. आणि नावाची गोष्ट तर मला फार आवडते. १९२० च्या दशकातली डॅनिश बेकनची एक जाहिरात होती, कोंबडी गातेय आणि डुक्कर ऐकतंय आणि वर ते वाक्य, ते पोस्टर व्हर्जिनच्या रिचर्ड ब्रॅन्सनने आपल्या धंद्यातल्या भागीदाराच्या ऑफिससाठी आणलं होतं, भिंतीवर टांगलेलं होतं, तिथून नाव उचललं. सुरुवातीच्या काही भागांच्या कव्हरवर ते डुक्कर होतंसुद्धा.

दुसऱ्या वर्षी सीबीएस आणि वॉर्नर यांनी मिळून 'द हिट्स अल्बम' काढला आणि १९८४ च्या ख्रिसमसला 'नाऊ'च्या चौथ्या भागाला मागे टाकलं. पुढे ही संकलनं अल्बमच्या यादीत इतकी वर जाऊन बसायला लागली की जानेवारी १९८९ पासून ब्रिटनमध्ये त्यांची यादीच वेगळी केली. म्हणजे बघा किती लोकांच्या कानात एकच क्रम बसला असेल. मला तर हे फार छान वाटतं, की कधीही न भेटलेल्या कोणाला तरी त्याच गाण्यानंतर तेच गाणं ऐकू येतंय.

जुना_डेक

छान धागा. माझं वय जरा जास्त असल्याने मी अजून मागे जातो, के-टेल. कॅनडातल्या विनिपेगची कंपनी, फिलिप काइव्ह्ज यांची, आधी टीव्हीवर जाहिरात करून घरगुती वस्तू विकायचे, मग त्याच पद्धतीने गाण्यांची संकलनं विकायला लागले. एकेका तबकडीवर २०-२२ गाणी. आता तबकडीच्या एका बाजूला चांगल्या आवाजात साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात, मग तेवढी गाणी बसायची कशी? तर कापून. एखादं कडवं गायब, मधला गिटारचा तुकडा गायब, शेवट लवकर विरवलेला. मी एक गाणं आधी असं कापलेलंच ऐकलं होतं आणि मूळ गाण्यात तिसरं कडवं आलं तेव्हा मला कळेचना की हे काय चाललंय. साइड_बी, तुमच्या 'ब्लू मंडे'चं मला म्हणून लगेच पटलं.

तरी एक सांगतो, के-टेलची जाहिरात असायची की गाणी मूळ, कलाकारही मूळ, आणि हे सांगायला लागायचं याला कारण होतं. मी एकदा एक कॅसेट घेतली, वर सगळी त्या वर्षीची गाजलेली नावं, घरी येऊन लावली तर पहिल्या ओळीतच कळलं की हा तो आवाज नाही. वाद्यं जवळजवळ तशीच, चाल तीच, गाणारे दुसरेच कोणीतरी. कव्हर उलटून बारीक अक्षरं वाचली, कुठेही मूळ कलाकाराचं नाव नाही, फक्त गाण्यांची नावं. त्या दिवशी जे वाईट वाटलं ते अजून लक्षात आहे. कितीतरी दिवस वाट बघून घेतली होती ती कॅसेट. पण नंतर नंतर, दुसरी नव्हती म्हणून तीच ऐकली, आणि त्यातली एक बाई, जिचं नाव मला कधीच कळणार नाही, ती खरंच मनापासून गायली होती. तिचं ते गाणं मूळ गाण्याइतकंच माझ्या जवळचं आहे.

फेरिक

क्रम का बसतो याचं उत्तर मला वाटतं यंत्रातच आहे. कॅसेटवर पुढचं गाणं गाठायचं म्हणजे फॉरवर्ड दाबून अंदाजाने थांबायचं, पुढे गेलं की मागे, मागे गेलं की पुढे, आणि स्वस्तातल्या टेपरेकॉर्डरमध्ये तर त्याने मोटरवर आणि पट्ट्यावर ताण यायचा म्हणून घरचे ओरडायचे. त्यापेक्षा न आवडणारं गाणं ऐकून घेणं सोपं. असं दहा-बारा वेळा झालं की ते न आवडणारं गाणं पण आपलं होऊन जायचं. मला निम्मी गाणी अशीच आवडायला लागलीयेत.

मिनिटांचं गणित पण होतं. टेप सरकते सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, म्हणजे सी-९० च्या एका बाजूची ४५ मिनिटं धरली तर जवळपास १३० मीटर फीत, रुंदी फक्त ३.८१ मिलिमीटर, आणि त्यात दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक शेजारी शेजारी. भरणारा माणूस वहीवर बेरजा करत बसायचा, ३:४८ अधिक ४:१० अधिक ३:२५, शेवटी अडीच मिनिटं उरली तर अडीच मिनिटांचं गाणं शोधायचं. म्हणजे शेवटचं गाणं नेहमी आवडीपेक्षा मापाने निवडलेलं असायचं. सी-१२० घ्यावी तर तिची फीत इतकी पातळ की ती हमखास रोलरभोवती गुंडाळली जायची, म्हणून जाणकार लोक ९० च्या वर जायचे नाहीत.

आणि सुरुवातीची ती रंगीत किंवा पारदर्शक पट्टी, लीडर, त्याच्यावर काही रेकॉर्ड होतच नाही, पहिली पाच-सहा सेकंदं. नवशिके लगेच रेकॉर्ड दाबायचे आणि गाण्याचं तोंडच कापलं जायचं. पेन्सिल घालून लीडर संपेपर्यंत चाक फिरवायचं, तपकिरी फीत खिडकीत दिसली की मग सुरू करायचं. षटकोनी पेन्सिल त्या सहा दातांमध्ये बरोबर बसते, गोल पेन्सिल नुसती फिरते. हातात ती चकचकीत तपकिरी फीत घेऊन तिच्यावर बोटाचा ठसा उमटू नये म्हणून कडेने धरणं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

अजून एक. गाणं सुरू व्हायच्या आधी शांततेत त्याच गाण्याचा अगदी बारीक, लांबून आल्यासारखा आवाज कोणी ऐकलाय का? फीत गुंडाळून पडलेली असते तेव्हा एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उतरतं, त्याने होतं ते. तांत्रिकदृष्ट्या दोष आहे पण मला ते ऐकलं की अंगावर काटा येतो. गाणं येतंय हे गाणं स्वतःच आधी सांगून जातं.

रात्रीचा_रेडिओ

फेरिक, तो बारीक आवाज!! मला इतकी वर्षं वाटायचं माझाच भास आहे. धन्यवाद.

माझ्याकडे विकतची संकलनं जवळजवळ नव्हतीच, माझं संकलन म्हणजे रेडिओ. प्ले, रेकॉर्ड आणि पॉज तिन्ही दाबून ठेवायचे आणि बोट पॉजवर ठेवून बसायचं, निवेदक बोलायचा थांबला की सोडायचं. पण निवेदकांना सवयच असते गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर शेवटच्या क्षणापर्यंत बोलायची, गायक तोंड उघडणार तेवढ्यात ते गप्प बसतात. त्यामुळे माझ्याकडच्या बहुतेक गाण्यांचं पहिलं वाक्य अर्धं निवेदकाचं आहे. 'एव्हरी ब्रेथ यू टेक'ची गिटार मी एका माणसाच्या "आणि आता" या शब्दांशिवाय आठवूच शकत नाही. तो निवेदकही माझ्या क्रमाचाच भाग झालाय.

हे तेव्हा पाप समजलं जायचं बरं का. १९८१ मध्ये ब्रिटनच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने मोहीमच काढली होती की घरी टेप करण्याने संगीत मरतंय, चिन्ह काय तर कवटीच्या जागी कॅसेट आणि खाली दोन हाडं. पण त्याच्या आदल्याच वर्षी 'बाऊ वाऊ वाऊ' या बँडने 'सी-३०, सी-६०, सी-९०, गो' नावाचं गाणं कॅसेट सिंगल म्हणून काढलं, घरी टेप करण्यावरचंच गाणं, आणि दुसरी बाजू चक्क कोरी ठेवली, भरा तुम्हाला काय भरायचं ते. आयलंड कंपनीनेही १९८१ मध्ये एका बाजूला अल्बम आणि दुसरी बाजू कोरी अशा कॅसेट्स काढल्या होत्या. माझं स्वतःचं सांगते, रेडिओवरून भरलेली जी गाणी आवडली त्यांचे पूर्ण अल्बम मी नंतर एकेक करून घेतलेत. कॅसेट भरली नसती तर ती नावं मला कळलीच नसती.

सिंथवेडी

आता माझ्या आवडीचा विषय. कधी विचार केलाय का की संकलनात पंधरा वेगवेगळे गायक असून ते एकाच घरातले का वाटायचे? माझं ठाम मत आहे की यंत्रं तीच होती म्हणून. रॉजर लिन यांचं एलएम-१ हे १९८० चं, खऱ्या ड्रमचे आवाज साठवून वाजवणारं पहिलं ड्रम मशीन, आणि त्याच्या मागून आलेलं लिनड्रम, हे दोन आवाज काढून टाकले तर ऐंशीच्या दशकाचं अर्धं संगीत कोसळेल. प्रिन्सचं 'व्हेन डव्ह्ज क्राय' एलएम-१ वर उभं आहे आणि त्याने त्यात बास ठेवलेलाच नाही. 'लास्ट ख्रिसमस'मध्ये लिनड्रम, आणि त्यातलं सगळंच जॉर्ज मायकेलने एकट्याने वाजवलंय.

१९८३ मध्ये यामाहाचं डीएक्स-७ हे सिंथसायझर आलं, त्याच्या मागचं गणित स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांचं. ते वाजवायला सोपं पण त्यात स्वतःचे आवाज बनवणं महाकठीण, म्हणून बहुतेकांनी कंपनीने भरून दिलेलेच आवाज वापरले. तो काचेसारखा किणकिणणारा इलेक्ट्रिक पियानो, प्रत्येक संथ प्रेमगीतात असतो तो, डीएक्स-७ चाच. त्याच वर्षी मिडी आलं, म्हणजे एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला जोडता यायला लागला, रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल कंपनीचे डेव्ह स्मिथ यांची कृपा. स्पर्धक असून एकत्र बसले दोघं.

आणि तो ड्रमचा भला मोठा आवाज जो वाजतो आणि गुंजायच्या आत खटकन बंद होतो? तो सापडला अपघाताने. १९८० चा पीटर गेब्रिएलचा तिसरा अल्बम, ड्रमवर फिल कॉलिन्स, गेब्रिएलने सांगितलेलं झांजा अजिबात वाजवायच्या नाहीत. स्टुडिओत वाजवणाऱ्यांचं बोलणं ऐकायला छताला एक माइक टांगलेला असतो, त्याच्यावर आवाज दाबून सपाट करणारी यंत्रणा लावलेली असते, तो चालू असतानाच कॉलिन्स वाजवायला लागला आणि ह्यू पॅडघमच्या कानावर जे पडलं ते त्याने सोडलंच नाही. पुढच्या वर्षी 'इन द एअर टुनाइट' आलं आणि मग दहा वर्षं सगळ्यांना तसेच ड्रम हवे होते. तो जोरात बसणारा आणि लगेच गप्प होणारा ठोका छोट्या टेपरेकॉर्डरच्या छोट्या स्पीकरवरही छान कळायचा, माझ्या मते कॅसेटवर ही गाणी एवढी खुलली त्याचं हेही एक कारण.

नवा_कान

मी या सगळ्याच्या खूप नंतर जन्मलोय त्यामुळे बोलू की नको असं वाटत होतं. २०२२ मध्ये केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' एका मालिकेमुळे परत वर आलं आणि मूळ गाण्यानंतर ३७ वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, तिथून मी या दशकात शिरलो. सिंथवेडी ताई, त्यातही लिनड्रम आहे ना?

पण मला प्रामाणिकपणे विचारायचंय, प्लेलिस्टपण क्रमानेच ऐकता येते की. मी बनवल्यात. त्यात आणि कॅसेटमध्ये एवढा काय फरक?

सिंथवेडी

हो, लिनड्रम आणि फेअरलाइट (आवाज साठवून कीबोर्डवर वाजवणारं यंत्र) दोन्ही आहेत. बोल रे बिनधास्त, नंतर जन्मला म्हणून काय झालं.

जुना_डेक

नवा_कान, प्रश्न रास्त आहे आणि तुमच्या प्लेलिस्टला मी कमी लेखत नाही. फरक मला असा वाटतो की तुम्ही ती उद्या बदलू शकता. नको वाटलं ते काढाल, नवीन आवडलं ते मधे घालाल. सहा महिन्यांनी ती तीच राहत नाही. कॅसेट भरून झाली, वरच्या बाजूचे दोन छोटे दात तोडले की संपलं, आता पुसणार नाही. (चुकून तोडले तर वर चिकटपट्टी लावून परत भरता यायचं ते सोडा.) एका ठरावीक दिवशी त्या माणसाला जे वाटत होतं ते तसंच राहतं.

दुसरं म्हणजे कव्हर. आतल्या घडीच्या कागदावर हाताने लिहिलेली नावं, एका रंगाचं पेन संपलं म्हणून मधूनच बदललेली शाई, जागा कमी पडली म्हणून तिरकं लिहिलेलं शेवटचं नाव. माझ्याकडे एका मित्राने भरलेली कॅसेट आहे, तो मित्र आता नाही, आणि मला त्याचं अक्षर बघायला फक्त तो एक कागद उरलाय.

साइड_बी, तुमच्या दादांची ती कॅसेट अजून आहे का? असेल तर एकदम प्ले करू नका. आधी हाताने चाकं फिरतात का बघा. मग कॅसेटमधला, हेडसमोर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागासमोर) येणारा तो कापसासारखा चौकोनी तुकडा जागेवर आहे का बघा, जुना गोंद सुकून तो पडतो आणि मग आवाज दबका येतो. पूर्ण एकदा पुढे आणि मागे गुंडाळून घ्या म्हणजे थर मोकळे होतील, आणि हेड स्पिरिटने पुसूनच लावा.

फेरिक

+१. आणि डिजिटल करणार असाल तर आधी हेडचा कोन त्या टेपला जुळवून घ्या, शेजारच्या छोट्या स्क्रूने होतो. ज्या डेकवर भरली असेल त्याचा कोन तुमच्या डेकपेक्षा थोडा जरी वेगळा असला तरी वरच्या पट्टीतले आवाज गायब होतात आणि लोकांना वाटतं टेप खराब झाली. हाय-हॅट (ड्रमसोबतची झांजांची जोडी) सर्वात स्पष्ट ऐकू येईल तिथे थांबायचं.

साइड_बी

चार दिवसांनी परत येतोय. सगळ्यांचे आभार, विशेषतः जुना_डेक आणि फेरिक यांचे. कॅसेट आहे. तो चौकोनी तुकडा खरंच पडलेला होता, डबीच्या आतच सापडला, गोंदाच्या एका थेंबाने बसवला. स्क्रू पाव फेरासुद्धा फिरवला नसेल आणि एकदम पडदा सरकल्यासारखा आवाज आला.

'टेक ऑन मी' विरलं, 'ब्लू मंडे' सुरू झालं, गाणारा येतो दोन मिनिटांनी, आणि चार मिनिटं होतात न होतात तोच तुटलं. बरोबर तिथेच.

दादाला फोन केला, म्हटलं पूर्ण मावत नाही हे माहीत असून भरलंसच का. तर म्हणाला चार मिनिटं उरली होती, कोरी कशाला सोडायची, आणि पूर्ण गाणं बी साइडला पहिलंच भरलं होतं की तुझ्यासाठी. मला काही बोलताच आलं नाही. कारण बी साइडवर मी स्वतः रेडिओवरची गाणी भरली होती. दात तोडलेले नव्हते. तिथे आधी काय आहे हे मी ऐकूनसुद्धा बघितलं नव्हतं.

मग रात्री बी साइड लावली. पहिलं गाणं रेडिओचं, ते संपलं, मी तेव्हा रेकॉर्डिंग थांबवून टेप जराशी पुढे सरकवून दुसरं भरलं असणार, कारण दोन गाण्यांच्या मधे न पुसलेला एक तुकडा राहिलाय. लहानपणी तो मला रेडिओचाच उरलेला कचरा वाटायचा. 'ब्लू मंडे' आहे ते. ए साइडला जिथे तुटतं त्याच्या थोडं पुढचं. अकरा सेकंद, मी मोजले.

फेरिक, एक विचारायचं होतं. तिथे एका बाजूचा चॅनेल जरा बारीक येतोय, हे कोनामुळे असेल की माझ्या त्या वेळच्या टेपरेकॉर्डरने अर्धंच पुसलं असेल? तो तुकडा मला आहे तसाच उतरवून दादाला पाठवायचाय.